पंखा बंद करा

वडील जाऊन एकवीस दिवस झाले होते, आणि बाविसाव्या दिवशी धाकट्याला त्यांच्या जागेवर उभं राहायचं होतं.

फोरमन स्वतः घरी येऊन सांगून गेला. सांत्वनाला आलेली माणसं बसतात तसा खुर्चीच्या टोकावर बसला, दोन घोट चहा घेतला आणि म्हणाला, "ओतायच्या खोलीत नाक लागतं. नाक काही बाजारात मिळत नाही. ते तुमच्याच घरात आहे." इतक्या दिवसांत आईच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. धाकटा तिशीचा बाप्या, पण शाळेत नाव पुकारल्यासारखा ताठ झाला.

थोरली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातात रिकामा ट्रे होता. त्या खोलीबद्दल या घरात जे फक्त तिला माहीत होतं, ते सांगायची वेळ हीच होती. तिने ट्रे ओट्यावर नेऊन ठेवला आणि कप विसळायला घेतले.

वडिलांना कारखान्यात नाकमास्तर म्हणत. बसगाड्यांच्या आणि दवाखान्यांच्या सीटचा फोम तिथे तयार होई. पॉलियुरेथेन हे त्याचं पूर्ण नाव, पण ते कोणी घेत नसे, जसं घरातल्या माणसाला कोणी आडनावाने हाक मारत नाही. दोन पातळ द्रव. एक मधासारखा, निरुपद्रवी, त्याचं नाव पॉलिओल. दुसरा आयसो, तो पिंपातून येई आणि त्याला गोडसर, घशात रुतणारा वास असे. "दोघं वेगवेगळे असतात तोवर नुसतं पाणी," वडील सांगत. "एकत्र आले की दहा सेकंदांत संसार फुगतो." मिश्रण साच्यात ओतलं की दुधासारखं पांढरं व्हायचं, मग वर चढायचं, पाच मिनिटांत सीट तयार. गरम सीट साच्यातून काढली की लगेच रोलरखाली चिरडायची. चिरडली नाही तर आत कोंडलेली हवा थंड होते आणि सीट आक्रसून वाळक्या फळासारखी होते. हे सगळं थोरलीला लहानपणापासून पाठ होतं. इतर मुलींचे वडील गोष्टी सांगत, हिचे वडील फोम सांगत.

पिंपाला ओल लागली की आयसो बिघडतो आणि मग दिवसभराच्या सीट वाया जातात. त्यासाठी तपासण्या असतात, पण या कारखान्यात नाक होतं. नवं पिंप आलं की झाकण उघडायचं आणि नाकमास्तरांनी वाकून वास घ्यायचा. भिंतीत मोठा पंखा होता, खोलीतली हवा बाहेर खेचणारा. तो चालू असला की वासही बाहेर खेचला जाई. म्हणून वडील आधी हात वर करत आणि म्हणत, "पंखा बंद करा. नाकाला ऐकू येत नाही." सगळे हसत. पंखा बंद होई, खोली गप्प होई, आणि ते डोळे मिटून, एखाद्या बाळाच्या पाळण्यात डोकावावं तसे पिंपावर वाकत. मान हलवली की पिंप पास. अठ्ठावीस वर्षांत त्यांचं एकही पिंप चुकलं नाही असं सांगत. ते खरं होतं की नाही हे कोणीच तपासलं नव्हतं.

घरीही त्यांचं तेच. कशालाही बोट लावून म्हणायचे, "हे आपलंच." गादी आपलीच. बुटाचा तळवा आपलाच. फ्रिजच्या दोन पत्र्यांमध्ये भरलेला कडक पिवळा फोम, तोही आपलाच, त्याच्यामुळे दूध टिकतं. लाकडी फरशीवरचं चकचकीत पॉलिश, भांडी घासायचा स्पंज, गाडीचं स्टिअरिंग, दाराच्या चौकटीच्या फटीत मारलेला फुगीर मसाला. "हाडवैद्याच्या पट्ट्यापासून जहाजापर्यंत सगळे आपले नातेवाईक. फक्त कोणी ओळख दाखवत नाही." आणि कुठेही बसायच्या आधी ते सीटमध्ये अंगठा खुपसून बघायचे. थोरलीच्या लग्नाचं बोलणं करायला एका घरी गेले, तर नमस्कार-चमत्कार व्हायच्या आत सोफ्यात अंगठा. "अठ्ठावीस डेन्सिटी," ते जाहीरपणे म्हणाले, "तीन वर्षांत खाली बसणार." ते लग्न पुढे मोडलं. सोफा त्याला कारण नव्हता, पण घरात मात्र दोष सोफ्यावरच ठेवला गेला, आणि थोरलीला ते बरंच वाटलं.

तीन वर्षांपूर्वी त्यांना धाप लागायला लागली, तेव्हा थोरलीच त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. ती शाळेत ग्रंथपाल. दुपारी तिलाच सुटता येई. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं, पाठ ऐकली आणि सहज विचारलं, "सुट्टीत कसं असतं?"

"सुट्टीत एकदम झकास. मागे बारा दिवस भावाकडे होतो, रोज टेकडी चढायचो."

"आणि कामावर?"

वडील छताकडे बघायला लागले.

"काम काय करता?"

मग त्यांनी सांगितलं. पिंप, झाकण, पंखा, सगळं, रंगवून. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "वास आला म्हणजे तो पदार्थ हवेत नको तेवढा झालेलाच असतो. आणि तुमच्या शरीराने आता त्याच्याशी वैर धरलंय. दुसऱ्याला शिंकसुद्धा येणार नाही एवढ्याने तुमचा जीव जाईल. पॅकिंगला जा, गेटवर बसा, काहीही करा. ती खोली सोडा. कामामुळे झालंय असं लिहून देतो."

"लिहू नका," वडील म्हणाले.

बाहेर बाकावर बसताना त्यांनी सवयीने अंगठा खुपसला. "बत्तीस. बरा माल आहे." मग थोड्या वेळाने, "घरी बोलू नकोस पोरी. आई हाय खाईल, धाकटा डोकं फिरवून घेईल. साधा दमा आहे, वयाने झालाय. आणि गेटवर बसून मी काय करू? येणाऱ्याजाणाऱ्याचा वास घेऊ?"

थोरली हसली. नंतर तिला तेच सहन होईना. वचन दिलं, गप्प बसली, हे सगळं एका बाजूला. पण ती हसली होती. ती हसली म्हणून त्यांनी सुटकेचा श्वास टाकला, आणि त्या श्वासात बारीक शिट्टी होती, ती तिने ऐकली होती.

पुढे तिने काय केलं? वाचलं. शाळेच्या ग्रंथालयातून, मोठ्या ग्रंथालयातून, मिळेल तिथून आणून आयसोबद्दल वाचलं. जे वाचलं ते डॉक्टर म्हणाले होते तेच होतं, फक्त जास्त पानांत. दोनदा वडिलांशी बोलली. पहिल्यांदा त्यांनी विनोद केला, दुसऱ्यांदा ते उठून गेले. मग एक चांगला मास्क आणून दिला, दोन्ही गालांशी गाळण्या असलेला. "वापरतो," ते म्हणाले. तिने पुन्हा विचारलं नाही. साडेतीन आठवड्यांपूर्वी खोलीत आयसोची एक नळी निसटली. सांडलं ते पेलाभर. बाकीच्यांचे डोळे चुरचुरले. वडिलांनी चौथ्या दिवशी सकाळी दवाखान्यात जीव सोडला. कागदावर लिहिलं होतं, दम्याचा तीव्र झटका.

बाविसाव्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी आई वडिलांचा कामाचा निळा कोट इस्त्री करत होती. बाही धाकट्याला दोन बोटं आखूड पडत होती, म्हणून तिने कडा उसवून खाली घेतल्या होत्या.

"तुला खरंच जायचंय त्या खोलीत?" थोरलीने विचारलं.

"ताई, आठ वर्षं कापाईत आहे मी," धाकटा म्हणाला. "घट्ट झालेल्या फोमच्या लाद्या कापतो. तिथे मला 'ए' म्हणतात. 'ए, इकडे धर.' आज फोरमन दारात येऊन 'या' म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा."

"त्यांचं राहिलेलं हा चालवील," आई म्हणाली आणि इस्त्री पुन्हा कॉलरवर ठेवली.

सकाळी थोरलीही धाकट्यासोबत निघाली. वडिलांच्या कारखान्यातल्या कपाटातलं सामान आणायचं होतं, एवढंच घरी सांगितलं.

कपाट ओतायच्या खोलीच्या दारालगतच होतं. आत एक टॉवेल, एक जुना कंगवा, छातीत फवारा मारायचे रिकामे पंप सात-आठ, बुटांत लपवून ठेवलेले. आणि मागे, कोऱ्या पिशवीत, शिक्कासुद्धा न फोडलेला मास्क. थोरली तो हातात घेऊन उभी राहिली.

आत धाकट्याचं कौतुक चाललं होतं.

"कोट बघा, कोट! मास्तरच आले म्हटलं."

"मास्तरांचं पोट कुठाय पण?"

"पोट येईल. आधी नाक येऊ दे."

काटेवाले काका पुढे आले. हे वडिलांचे सर्वांत जुने सोबती. दोन्ही द्रवांची वजनं काट्यावर तेच करत, म्हणून काटेवाले. गालात नेहमी खोकल्याची गोळी. त्यांनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला नव्या पिंपापाशी नेलं आणि किल्लीने झाकण सैल केलं. "हे मला तुझ्या बापाने शिकवलं. आज मी तुला. हुंगायचं नाही हां, कुत्रा हुंगतो. ऐकायचं. नाकाने ऐकायचं." मग त्यांनी हात वर केला, अगदी वडील करत तसाच.

"पंखा बंद करा."

पंखा घरघरत थांबला. धाकट्याने डोळे मिटले आणि तो वाकला.

"थांब," थोरली म्हणाली.

ती ओरडली नव्हती. पण पंखा बंद होता, त्यामुळे ते शेवटच्या साच्यापर्यंत ऐकू गेलं.

"बाबांचा दमा वयाचा नव्हता. या पिंपाचा होता. डॉक्टरांनी माझ्यासमोर त्यांना सांगितलं, ही खोली सोडा, नाहीतर जाल. त्यांनी सोडली नाही. त्यांनी मला बोलू नको म्हटलं आणि मी बोलले नाही."

साच्यातून नुकतीच काढलेली एक सीट टेबलावर तशीच राहिली होती.

काटेवाले काकांचा चेहरा लाल झाला. "मास्तरांना आजारी म्हणायला इथे आलीस? त्यांच्या पिंपापाशी?"

"ते आजारीच होते, काका."

"तू पुस्तकं वाचतेस बाई, आम्ही हे वाचतो. अठ्ठावीस वर्षं मीही वाकतोय या पिंपावर. मला काय झालंय? सांग ना, मला काय झालंय?" त्यांनी गोळी या गालातून त्या गालात नेली. "म्हणजे मास्तर काय, वेडे होते? मरायला यायचे इथे? आणि आम्ही त्यांना मारलं? पंखा कोण बंद करायचं, आम्हीच ना?"



धाकटा सरळ झाला होता. त्याने विचारलं, "कधीपासून माहीत आहे तुला?"

"तीन वर्षं."

"तीन," तो म्हणाला. त्याने झाकण उचलून जागेवर ठेवलं. काकांच्या हातातून किल्ली घेतली, झाकण घट्ट आवळलं, किल्ली परत त्यांच्या हातात दिली, आणि कोटाची बटणं काढत बाहेर चालू लागला. कोणीतरी पंखा लावला. टेबलावरची सीट तोवर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आत ओढली गेली होती, सुरकुतलेली, निम्म्याने लहान.

घरी धाकट्यानेच आईला सांगितलं. न बसता, एका दमात. थोरली मास्कची पिशवी हातात घेऊन मागे उभी होती, जणू तो पुरावा होता आणि कोणीतरी तो मागणार होतं. आईने मागितला नाही.

"मी दार अडवून बसले असते," ती थोरलीला म्हणाली. "आडवी पडले असते दारात. मला ओलांडून गेले नसते ते. तू मला तेवढंही करू दिलं नाहीस."

त्यानंतर ती थोरलीशी बोलली नाही. तिचं ताट वाढे, तिचे कपडे घडी घालून ठेवी, खिडकीतून ऊन आत आलं की तिच्या खुर्चीपाशी पडदा ओढून घेई, पण शब्द नाही. शेवटच्या वर्षात वडील आडवे झोपू शकत नसत; त्यांनी स्वतःच साच्यात ओतून एक मोठी उतरती उशी केली होती, तिला टेकून बसल्या बसल्या झोपत. ती उशी अजून पलंगावरच होती. आई तिच्यावरची खोळ दर दोन दिवसांनी धुई आणि पुन्हा तीच घाली.

धाकटा कापाईला परत गेला. घरात तो मोजकं बोले. "ताई, किल्ली." "ताई, गॅस बंद कर." पाचव्या दिवशी जेवताना, ताटाकडे बघतच म्हणाला, "बिननाक्या म्हणतात मला आता." आणि चार घास झाल्यावर, "रंगकामातला एक जण घेतला ओतायला. आज पंखा बंद करून त्यानेही घेतला वास."

एकाला उठवलं होतं. जागा रिकामी राहिली नव्हती.

नवव्या दिवशी रविवार होता. आई खिडकीपाशी मटार सोलत होती, धाकटा दाढी करत होता. जिन्यात खोकला ऐकू आला. दोन आखूड, मग थांबा, मग लांब ओढलेला श्वास, शेवटाला बारीक शिट्टी. आईचा हात थांबला. ती अर्धवट उठली. चेहऱ्यावर असं काही आलं की थोरलीने नजर दुसरीकडे वळवली. पुढच्या मजल्यावर पुन्हा तेच: दोन आखूड, थांबा, शिट्टी. आई हळूच खाली बसली. मग दारावर टकटक झाली.

काटेवाले काका होते. सुट्टीचा इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून विंचरलेले. चौकटीला हात लावून ते थोडा वेळ नुसतेच उभे राहिले.

"जिने फार तुमच्याकडे, वहिनी," ते म्हणाले. "मास्तरांच्या कपाटाचं कुलूप राहिलं होतं. म्हटलं देऊन यावं."

त्यांनी खिशातून कुलूप काढून टेबलावर ठेवलं. कुलूप द्यायला कोणी तीन मजले चढत नाही, हे सगळ्यांनाच कळलं. त्यांना खुर्चीत नीट टेकता येईना. आई उठली, आतून ती उतरती उशी घेऊन आली आणि काही न बोलता त्यांच्या पाठीशी लावली. काकांनी अंगठा खुपसून पाहिला.

"चाळीस," ते म्हणाले. "घरच्यासाठी चाळीस वापरली बघा मास्तरांनी." मग ते टेकले, आणि बराच वेळ कुलपाकडेच बघत बोलले. "रविवारी मला बरं असतं, वहिनी. आज आपले हे जिने. सोमवारीही सकाळी चांगलं असतं. दुपारनंतर जरा... शनिवारी तर मी काट्याचा आकडा धड वाचू शकत नाही, डोळ्यांपुढे अंधारी येते." ते थांबले. थोरलीकडे बघितलं नाही. "ते डॉक्टर कुठे बसतात?"

धाकटा अर्ध्या गालाला साबण लावलेला तसाच न्हाणीच्या दारात आला होता.

"लिहून दे त्यांना," आई म्हणाली.

नऊ दिवसांत थोरलीशी बोललेले ते पहिले शब्द होते.

"आणि बरोबर जा," आई म्हणाली. "गेल्या वेळी गेली होतीस तशी नाही."

थोरलीने कागद घेतला. डॉक्टरांचा पत्ता लिहिला, वेळ लिहिली, मोठ्या अक्षरांत, कारण काकांनी चष्मा आणलेला दिसत नव्हता. ते बघत होते. मग खाकरून, हलक्या आवाजात म्हणाले, "फक्त एक कर बाई. आमच्या घरी सध्या काही..."

"नाही, काका," थोरली म्हणाली. पेन तिने कागदावरून उचललं नव्हतं. "घरचा नंबर सांगा. काकूंना मी आत्ताच फोन लावते."

काकांनी आईकडे पाहिलं. आई मटार सोलत होती.

"सांगा," ती म्हणाली.

काकांनी गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. मग एकेक आकडा, काट्यावरचं वजन वाचून दाखवावं तसे, सांगायला लागले.